साखळी फेरीत शेवटच्या सामन्याआधीचं गणित कसं मांडायचं

प्रश्न असा आहे: फुटबॉल स्पर्धेत चार संघांच्या गटात प्रत्येकाचे दोन सामने झाले की "पुढे जायला आता काय लागेल" हे नेमकं कसं काढायचं, गुण सारखे झाले तर वर कोण धरायचा, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या भरवशावर कितपत राहायचं.

गुणतालिकेकडे टक लावून बघण्यानं याचं उत्तर मिळत नाही, कारण तालिका फक्त झालेलं सांगते. त्यापेक्षा दोन कागद घ्या. एकावर उरलेल्या दोन सामन्यांचे नऊ निकाल मांडा, दुसऱ्यावर त्या स्पर्धेच्या नियमावलीतला समान गुणांचा क्रम उतरवा. "जिंकलं तर आत, हरलं तर बाहेर" छापाची जी गणितं ऐकू येतात, त्यांतली चूक बहुतेक वेळा दुसऱ्या कागदाची असते. एका स्पर्धेचा नियम सर्रास दुसरीला लावलेला असतो.

आधी पाया. चार संघ, सहा सामने, तीन फेऱ्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. विश्वचषकात ही पद्धत १९९४ पासून आहे, त्याआधी विजयाला दोनच गुण मिळत. निकाली सामन्यात एकूण तीन गुण वाटले जातात, बरोबरीत दोन. त्यामुळे चारही संघांच्या गुणांची बेरीज नेहमी १८ वजा बरोबरीत सुटलेले सामने एवढीच येते. तालिका हातानं मांडत असाल तर ही पहिली पडताळणी. दुसरी पडताळणी म्हणजे चारही गोलफरकांची (केलेले वजा खाल्लेले गोल) बेरीज शून्य यायला हवी. आली नाही, तर कुठला तरी गोल एकाच संघाच्या खात्यात लिहिला गेलाय आणि समोरच्याच्या खात्यात लिहायचा राहिलाय.

किती गुण पुरतात? सहा सामन्यांचे मिळून ७२९ निकालसंच होतात, पण अंतिम गुणांचे वेगवेगळे प्रकार फक्त ४० निघतात. त्यातली टोकं बघण्यासारखी आहेत. एक संघ तिन्ही सामने जिंकला आणि बाकीचे तिघे आपसांत बरोबरीत राहिले तर ९-२-२-२, म्हणजे दोन गुणांवरही दुसरा क्रमांक मिळतो. उलट, एका संघाला तिघांनीही हरवलं आणि त्या तिघांनी एकमेकांना चक्राकार हरवलं तर ६-६-६-०, म्हणजे सहा गुण घेऊनही कुणीतरी तिसरा. चार गुण म्हणजे पुढची फेरी पक्की, हा समज २०२४ च्या युरोत (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) ई गटानं मोडला. रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया आणि युक्रेन, चौघांचेही चार गुण झाले. गोलफरक उणे दोन असलेला युक्रेन चौथा आला आणि घरी गेला.

आता नऊ निकालांचा कागद. शेवटच्या फेरीत दोन सामने, प्रत्येकी तीन शक्यता, म्हणून नऊ चौकटी. २०२२ च्या विश्वचषकातला ई गट यासाठी घेऊ; त्यातले पहिले दोन पुढे जाणार होते. दोन फेऱ्यांनंतर स्पेन ४ गुण (गोल ८–१), जपान ३ (२–२), कोस्टा रिका ३ (१–७), जर्मनी १ (२–३). उरलेले सामने जपान–स्पेन आणि कोस्टा रिका–जर्मनी. त्या विश्वचषकात गुणांनंतर एकूण गोलफरक, मग एकूण गोल, मग आमनेसामने (सारख्या संघांच्या आपसांतल्या सामन्याचा निकाल), असा क्रम होता.

स्पेन जिंकला असता तर सगळं सोपं होतं: स्पेन ७ गुणांवर पहिला, आणि दुसरा दुसऱ्या सामन्यातून ठरणार. कोस्टा रिका जिंकली किंवा बरोबरी झाली तर कोस्टा रिका, जर्मनी जिंकली तर जर्मनी. जर्मनीला इथे १–० सुद्धा चाललं असतं.

जपान–स्पेन बरोबरीत सुटला असता तर स्पेन ५, जपान ४. कोस्टा रिका जिंकली तर ६ गुणांनी पहिली, स्पेन दुसरा, जपान बाहेर. दुसरा सामनाही बरोबरीत सुटला तर जपान आणि कोस्टा रिका दोघांचे ४, पण कोस्टा रिकाचा गोलफरक उणे सहा, त्यामुळे जपान पुढे. जर्मनी जिंकली तर जपान आणि जर्मनी ४-४. दोन गोलांनी जिंकली तर जर्मनी वर. एकाच गोलानं जिंकली तर दोघांचा गोलफरक शून्य, आणि आपापल्या शेवटच्या सामन्यात कुणी जास्त गोल केले त्यावर निकाल. तेही सारखे झाले तर जपान वर, कारण त्यांनी जर्मनीला २–१ हरवलं होतं.

जपान जिंकला तर जपान ६, स्पेन ४ वर अडकलेला. मग कोस्टा रिका जिंकली तर तीही ६ वर आणि स्पेन थेट बाहेर. बरोबरी झाली तर गोलफरकावर स्पेन सहज वर. जर्मनी जिंकली तर दोघांचे ४-४, पण स्पेन अधिक सात आणि जर्मनी उणे एक, म्हणजे आठ गोलांची दरी. स्पेनच्या पराभवाचं आणि जर्मनीच्या विजयाचं अंतर मिळून निदान आठ गोल व्हायला हवं होतं, आणि नेमकं आठ झालं तर एकूण गोलांवर निकाल.

हा कागद हातात असता तर त्या रात्री जर्मनीच्या चाहत्यांना एक गोष्ट लगेच दिसली असती. त्यांचा संघ शेवटी ४–२ जिंकला, म्हणजे दोन गोलांचं अंतर त्यांनी मिळवलं. जपान–स्पेन मात्र २–१ सुटला. तिथे स्पेनचा आणखी एक गोल झाला असता तर जर्मनी पुढच्या फेरीत होती. स्वतःच्या सामन्यात आणखी चार गोल करूनही ते साधलं नसतं. आणि कोस्टा रिका काही मिनिटं २–१ पुढे होती तेव्हा स्पेन आणि जर्मनी दोघंही बाहेरच्या चौकटीत होते. जपानचा दुसरा गोल मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून परतवलेल्या चेंडूवर झाला. तो चेंडू रेषेच्या पूर्ण बाहेर गेला नव्हता हे व्हीएआरनं (व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) तपासून सांगितलं, आणि त्या काही मिलिमीटरनी दुसऱ्याच मैदानावरच्या संघाचं भवितव्य ठरलं.

दुसऱ्या कागदाकडे येऊ. समान गुण सोडवण्याच्या नियमांची दोन घराणी आहेत. एकात एकूण गोलफरक आधी, दुसऱ्यात आमनेसामनेचा निकाल आधी. फिफाचा विश्वचषक २०२२ पर्यंत पहिल्या घराण्यात होता. युरो आणि आशिया चषक दुसऱ्यात. २०२६ च्या विश्वचषकाची नियमावलीही दुसरीकडे वळली: आधी आमनेसामनेचे गुण, त्यातला गोलफरक, त्यातले गोल, आणि तिथेही फरक पडला नाही तरच एकूण गोलफरक, एकूण गोल, कार्डांचा हिशोब आणि शेवटी फिफा क्रमवारी.

हा बदल कागदावर किरकोळ वाटतो. २०२२ चे आठही गट नव्या क्रमानं पुन्हा मांडले तर एकही स्थान बदलत नाही. स्पेन–जर्मनी, पोलंड–मेक्सिको, दक्षिण कोरिया–उरुग्वे हे सामने बरोबरीत सुटले होते, त्यामुळे गणित परत एकूण गोलफरकावरच येतं. पण क्रम बदलला की निकाल उलटू शकतो, याचं स्वच्छ उदाहरण २०१९ च्या आशिया चषकातल्या अ गटात आहे. थायलंड ४ गुण, गोल ३–५. बहारीन ४ गुण, गोल २–२. गोलफरक आधी धरला असता तर बहारीन दुसरा. पण थायलंडनं बहारीनला १–० हरवलं होतं, म्हणून उणे दोन गोलफरक असूनही थायलंड दुसरा आणि बहारीन तिसरा. त्याच गटात भारत ३ गुणांवर चौथा आला. भरपाई वेळेत बहारीनच्या पेनल्टीवर गोल झाला नसता आणि तो सामना ०–० सुटला असता तर भारत आणि थायलंड दोघांचे ४ गुण झाले असते, आणि थायलंडला ४–१ हरवलेलं असल्यानं भारत थेट दुसरा. एक पेनल्टी, आणि दुसऱ्यावरून चौथा.

तिघांचे गुण सारखे झाले की लोक हमखास गोंधळतात. अशा वेळी त्या तिघांतल्या तीन सामन्यांचीच छोटी तालिका करायची. चौथ्या संघाविरुद्धचा सामना त्यात धरायचा नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण चौथ्याला पाच गोलांनी हरवलेलं डोक्यातून जात नाही. २००४ च्या युरोत स्वीडन, डेन्मार्क आणि इटली तिघांचे ५ गुण झाले. आपसांतले तिन्ही सामने बरोबरीत: इटली–डेन्मार्क ०–०, इटली–स्वीडन १–१, स्वीडन–डेन्मार्क २–२. छोट्या तालिकेत तिघांचे दोन गुण, तिघांचा फरक शून्य, मग गोल मोजायचे: स्वीडन ३, डेन्मार्क २, इटली १. शेवटच्या फेरीआधीच हे स्पष्ट होतं की तिकडे २–२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली तर इटलीनं बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवलं तरी उपयोग नाही. नेमकं २–२ च झालं. संशयाला जागा होती, पण नियमाप्रमाणे निकाल चोख होता.

छोट्या तालिकेत एक संघ वेगळा निघाला आणि दोघे तरीही सारखेच राहिले तर युएफाच्या (युरोपीय फुटबॉल महासंघाच्या) स्पर्धांत त्या दोघांपुरता हिशोब पुन्हा पहिल्यापासून करतात. घाईत लोक ही पायरी गाळतात आणि थेट एकूण गोलफरकावर उडी मारतात.

कार्डांचा हिशोब म्हणजे शोभेचं कलम असं बऱ्याच जणांना वाटायचं, २०१८ पर्यंत. जपान आणि सेनेगल, दोघांचे ४ गुण, दोघांचे गोल ४–४, आपसांत २–२. जपानची चार पिवळी कार्डं, सेनेगलची सहा. जपान पुढे गेला. मोजणी अशी: पिवळ्याला उणे एक, दोन पिवळ्यांतून आलेल्या लालला उणे तीन, थेट लालला उणे चार, पिवळ्यानंतर थेट लाल मिळालं तर उणे पाच. एका खेळाडूला एका सामन्यात यातली एकच वजावट लागते. त्या शेवटच्या सामन्यात जपान पोलंडकडून ०–१ मागे असताना शेवटची मिनिटं मागच्या मागे चेंडू फिरवत राहिला, कारण तिकडे कोलंबिया सेनेगलवर १–० पुढे होती. टीका भरपूर झाली. सेनेगलनं एक गोल केला असता तर जपान बाहेर होता, हा धोका खराच. पण बरोबरीसाठी पुढे झेपावून दुसरा गोल खाण्याचा किंवा घाईत कार्डं मिळण्याचा धोका त्यांनी जास्त धरला, आणि आकडे मांडून बघितले तर तो निर्णय बिनबुडाचा नव्हता.

२०२२ मध्ये पोलंड अर्जेंटिनाकडून ०–२ मागे होता आणि मेक्सिको सौदी अरेबियावर २–० पुढे, तेव्हा हीच वेळ पुन्हा आली होती. गुण, गोलफरक, गोल, आपसातला ०–० सामना, सगळं सारखं, आणि पोलंडची पिवळी कार्डं कमी. मेक्सिकोला एकच गोल हवा होता. तो शोधताना भरपाई वेळेत त्यांनीच एक खाल्ला, आणि पोलंड साध्या गोलफरकावर पुढे गेला.

त्याही पलीकडे चिठ्ठ्या. १९९० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचा दुसरा-तिसरा क्रमांक चिठ्ठीनं ठरला, पण पुढे दोघंही गेले. २०१५ च्या आफ्रिका चषकात गिनी आणि माली दोघांनी तिन्ही सामने १–१ सोडवले. चिठ्ठी गिनीची निघाली आणि माली घरी गेला.

आमनेसामने आधी धरण्याचा एक दुष्परिणाम आहे, आणि तो पहिल्या कागदावर दिसतो. समजा एका संघानं पहिल्या दोन सामन्यांत ब आणि क यांना हरवलं, आणि त्या दोघांनी ड ला. आता ६-३-३-० आहे. ब आणि क शेवटी एकमेकांशी खेळणार, त्यातला एक फार तर ६ वर येईल, पण पहिल्यानं दोघांनाही हरवलेलं आहे. म्हणजे शेवटचा सामना न खेळताच त्याचा पहिला क्रमांक पक्का. एकूण गोलफरकाचा नियम असता तर तो पक्का नसता. असा संघ शेवटच्या सामन्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती देणारच.

२०२४ च्या युरोत पोर्तुगालनं तेच केलं. दोन विजयांनंतर ६ गुण, आणि ६ पर्यंत पोहोचू शकणाऱ्या तुर्कीला त्यांनी ३–० हरवलेलं. शेवटच्या सामन्यात संघात बरेच बदल केले, आणि जॉर्जियाकडून ०–२ हरले. पोर्तुगालचं काहीच बिघडलं नाही. जॉर्जिया मात्र ४ गुणांनी तिसऱ्या क्रमांकावरून पुढे गेली, आणि वेगळ्याच गटात ३ गुणांवर तीन दिवस वाट बघत बसलेली हंगेरी बाहेर पडली. जॉर्जिया जिंकली नसती तर हंगेरी आत होती.

इथून तिसऱ्या क्रमांकाकडे. युरोत सहा गटांतले चार तिसरे पुढे जातात. ४८ संघांच्या विश्वचषकात बारा गटांतले आठ. प्रमाण तेच, दोन तृतीयांश, म्हणून युरोचे आकडे कामाला येतात. तिसऱ्यांची आपसांतली तुलना गुण, गोलफरक, गोल अशी होते. ते एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे आमनेसामनेचा प्रश्न येत नाही. २०१६, २०२० आणि २०२४ मिळून ३ गुणांवर तिसरे आलेले नऊ संघ आहेत. पुढे गेले ते: पोर्तुगाल, उत्तर आयर्लंड आणि स्लोव्हेनिया, तिघांचा गोलफरक शून्य, आणि युक्रेन, उणे एक. बाहेर पडले ते: तुर्की, अल्बानिया आणि फिनलंड, प्रत्येकी उणे दोन, हंगेरी उणे तीन, स्लोव्हाकिया उणे पाच. रेषा उणे एक आणि उणे दोनच्या मधोमध आहे. चार गुणांचा एकही तिसरा संघ या तिन्ही स्पर्धांत बाहेर पडलेला नाही, आणि २०१६ मध्ये तीन बरोबऱ्यांवर तिसरा आलेला पोर्तुगाल पुढे विजेता ठरला.

यातून निघणारा व्यवहार असा: बलाढ्य संघाविरुद्ध ०–१ मागे असाल आणि दहा मिनिटं उरली असतील तर बचावपटू काढून आक्रमक उतरवण्याआधी दोनदा विचार करा. ०–१ चा ०–२ झाला तर पुढे एखादा सामना एका गोलानं जिंकूनही तुम्ही रेषेच्या चुकीच्या बाजूला पडू शकता. पहिल्या सामन्यात खाल्लेला चौथा-पाचवा गोल "आता काय फरक पडतो" म्हणून सोडून देणारे संघ दहा दिवसांनी त्याच गोलासाठी हळहळतात. २०२० च्या युरोत स्लोव्हाकिया शेवटच्या सामन्यात स्पेनकडून ०–५ हरली. १–० चा विजय मिळवून तिथवर आलेल्या फिनलंडला मात्र उणे दोनही नडला.

ही पद्धत मला स्वतःला फारशी न्याय्य वाटत नाही. एकाच गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात, पण वेगवेगळे गट वेगवेगळ्या दिवशी संपतात. अ गटाचा तिसरा संघ आंधळेपणानं खेळतो. शेवटच्या गटाला मात्र किती गुण आणि किती गोलफरक पुरेल हे माहीत असतं. एका वेळी सामने ठेवण्याची पद्धत १९८२ मुळे आली. पश्चिम जर्मनी–ऑस्ट्रिया सामन्याआधी अल्जीरियाचे सामने संपलेले होते, जर्मनीचा एक किंवा दोन गोलांचा विजय दोघांनाही पुढे नेणार होता, आणि दहाव्या मिनिटाच्या गोलानंतर दोघंही खेळायचे थांबल्यासारखे झाले. अंतिम गोलफरक जर्मनी अधिक तीन, ऑस्ट्रिया अधिक दोन, अल्जीरिया शून्य. गटाच्या आतली ही पळवाट बुजवली. तिसऱ्या क्रमांकानं तीच गटांच्या मधून परत आणली.

पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हे तिसऱ्या क्रमांकावर असताना आधी काढू नका. बारापैकी कोणते आठ गट तिसरा संघ पुढे पाठवतात याचे ४९५ प्रकार होतात. प्रत्येकाची जोडी नियमावलीच्या तक्त्यात आधीच ठरलेली असते, पण सगळे गट संपेपर्यंत कुठली ओळ लागू होईल ते कळत नाही.

बाकावरचं काम थोडक्यात. दुसऱ्या सामन्यावर लक्ष ठेवायला एकच माणूस, आणि त्यानं चारच गोष्टी कळवायच्या: गोल, रद्द झालेला गोल, लाल कार्ड, आणि भरपाई वेळ किती दिली ती. स्टेडियममधल्या गलक्यावरून किंवा प्रेक्षकांच्या फोनवरून आलेली बातमी प्रशिक्षकापर्यंत जाऊ द्यायची नाही. व्हीएआरमुळे साजरा झालेला गोल दोन मिनिटांनी रद्द होतो आणि तोवर इकडे बदली होऊन गेलेली असते. पाच बदली खेळाडू मिळतात, पण मध्यंतर सोडून खेळ थांबवण्याच्या संधी तीनच. त्यातली एक पंचाहत्तराव्या मिनिटानंतरसाठी राखून ठेवा, कारण चौकट बदलते ती बहुतेकदा तेव्हाच. दोन्ही मैदानांवर भरपाई वेळ वेगळी असते, तेव्हा आपला सामना आधी संपणार की त्यांचा, हे चौथ्या पंचाचा फलक वर गेला की लगेच विचारून घ्या. मैदानावर मात्र सगळं गणित पाठवायचं नाही. कर्णधाराला एकच वाक्य कळवायचं: "गोल हवाय", "गोल खायचा नाही" किंवा "कार्ड घ्यायचं नाही".